सीट बदला

ताई बसनं आली ती भांडायच्या तयारीनंच आली. पिशवी टेबलावर आदळली, पाण्याचा ग्लास बाजूला सारला आणि थोरल्या भावाला म्हणाली, "दादा, बाबांची चावी तू काढून घेतलीस?"

"काढून नाही घेतली. ड्रॉवरमध्ये ठेवलीय."

"ड्रॉवरला कुलूप आहे?"

"आहे."

"मग काढूनच घेतलीस की रे! सरळ बोलायला काय होतं तुला?"

थोरल्यानं कपाळ चोळलं. बुधवारपासून त्याला धड झोप नव्हती, आणि झोप न झालेल्या माणसानं बहिणीच्या नादी लागू नये एवढं तरी त्याला या वयात कळत होतं.

रविवार होता, त्यामुळे ड्रायव्हिंग स्कूलचं शटर अर्धं ओढलेलं होतं. घर वरच्या मजल्यावर. पण माईला जिना चढवेना झाला तेव्हापासून तिची खाट खाली ऑफिसच्या मागच्या खोलीत आली, आणि खाटेपाठोपाठ सगळं घरच हळूहळू खाली उतरलं. भांडणंसुद्धा आता इथेच व्हायची, रस्त्यावरच्या खुणांचे तक्ते आणि शिकवण्यासाठी कापून ठेवलेलं ते जुनं इंजिन यांच्या साक्षीनं.

मास्तर कोपऱ्यात शिकाऊ लोकांच्या बाकावर पेपर उघडून बसले होते. चाळीस वर्षं गावातल्या निम्म्या लोकांच्या शेजारी बसून त्यांनी गाडी शिकवली. 'मास्तर' हे नाव त्या लोकांनी दिलं आणि ते जन्माचं चिकटलं. बाबा म्हणणारी फक्त दोन मुलं आणि सून, आणि 'अहो' म्हणणारी एकटी माई. पेपरचं पान मघापासून उलटलं नव्हतं.

बुधवारी ते माईला डायलिसिसला घेऊन गेले होते. सोमवार, बुधवार, शुक्रवार तेच नेतात. केंद्राच्या आवारात गाडी लावताना एक माणूस अचानक आडवा आला, आणि गाडी उभी राहायची ती उसळली. माणसानं उडी मारली म्हणून वाचला. कुंड्यांचा चुराडा झाला आणि गाडी भिंतीवर आदळली. त्या भिंतीला लागूनच, पलीकडे बाकावर, पेशंटचे नातेवाईक बसले होते. माई मागच्या सीटवर होती. कोणाला खरचटलंसुद्धा नाही, ते नशीब. मास्तर म्हणाले ॲक्सिलरेटर अडकला. मेकॅनिकनं सगळं उघडून पाहिलं आणि थोरल्याला बाजूला घेऊन हळूच सांगितलं की काही अडकलेलं नाही.

"मी म्हणतो सरकारनं नियमच करावा," थोरला म्हणाला. "पंचाहत्तरी झाली की परत परीक्षा. गाडीत बसवून, रस्त्यावर. म्हणजे घरच्यांना वाईटपणा घ्यायला नको."

"हां! म्हणजे मांजराच्या गळ्यात घंटा सरकारनं बांधायची." ताईचं दुसऱ्या गावात औषधांचं दुकान होतं आणि दिवसभर काउंटरवर बोलून तिचा आवाज चढाच झाला होता. "माझ्याकडे किती म्हातारी माणसं स्वतः गाडी चालवत येतात. मुलं गाडी काढून घेतात, आणि मग बघावं त्यांच्याकडे. खचतात रे. औषधं न्यायलासुद्धा दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायचं. आणि ती वीस वर्षांची पोरं एका हातात फोन धरून गाडी हाणतात, त्यांची घे ना परीक्षा! वय होणं हा काय गुन्हा आहे?"

"गुन्हा कोण म्हणतंय?"

"डॉक्टरचं सर्टिफिकेट आहे ना बाबांकडे? मग झालं तर!"

"डॉक्टर काय बघतो?" पेपरच्या मागून आवाज आला. "डोळे बघतो, बीपी बघतो, 'काय मास्तर, कसं काय' म्हणतो आणि सही ठोकतो. शेजारी बसल्याशिवाय माणूस कसा चालवतो ते कळत नसतं."

"अहो बाबा, मी तुमच्या बाजूनं बोलतेय!"

"कळलं. पण चुकीचं बोलतेयस."

ताईला रागही आला आणि जुनं काहीतरी आठवलंही. "खरंच की, तुम्हीच म्हणाला होतात. मी शाळेत होते. तुमच्या त्या ड्रायव्हिंगवाल्यांच्या सभेत उठून सांगितलंत, सत्तरीनंतर दर वर्षी परत परीक्षा घ्या म्हणून. सगळे हसले तुम्हाला. त्या दिवशी घरी येऊन जेवला नव्हतात."

"तेव्हा मी पंचेचाळीसचा होतो," मास्तर म्हणाले. "पंचेचाळिशीत माणसाला सगळं कळतं."

थोरला खुदकन हसला. मास्तरांनी पेपरची घडी घातली.

"आणि मला सर्टिफिकेट माईनं दिलंय. माझ्या गाडीत बसली की गल्ली संपायच्या आत झोपते. जाताना झोपते, येताना झोपते. भ्यालेलं माणूस झोपेल का? नवऱ्याच्या गाडीत दाराला गच्च धरून बसणाऱ्या बायका मी आयुष्यभर बघितल्यात. ही ढाराढूर झोपते."

मागच्या खोलीत माई खाटेवर पडून हे सगळं ऐकत होती. पडद्यातून आवाज अडत नाही.

ती गाडीत झोपत नव्हती. ती डोळे मिटून घेत होती. मागे कधीतरी वळणावर एक बस अंगावर येता येता राहिली, मास्तर तिच्या ड्रायव्हरला शिव्या घालत पुढे गेले, पण चूक बसवाल्याची नव्हती हे माईनं पाहिलं होतं. त्या दिवसापासून तिनं रस्त्याकडे बघायचंच सोडलं. मरणाची तिला फारशी भीती राहिली नव्हती, हाताला सुया टोचून टोचून तीही बोथट झाली होती. पण ते समोरून येताना बघत बसायची तयारी नव्हती.

आणि सांगायचं तरी कसं? उभा जन्म हा माणूस परक्यांच्या शेजारी बसला. संध्याकाळी घरी यायचा तो घसा बसवून. बायकोच्या वाट्याला 'हं' आणि 'बरं' एवढंच यायचं. आता गाडीत मात्र तो बोलायचा. कुठल्या विद्यार्थ्यानं कुठे धडक मारली, ताईच्या जन्माच्या वेळी तो किती घाबरला होता, माई आधी गेली तर आपलं काय होईल. ती झोपली आहे असं समजून तर जास्तच बोलायचा. ते बोलणं तिला हवं होतं. त्या बोलण्यापायी ती मूग गिळून बसली होती आणि त्याची तिला लाजही वाटत होती, कारण बुधवारी तो माणूस उडी मारताना तिनं पाहिला नाही, पण त्याची किंकाळी ऐकली होती.

सून वरून चहाचा ट्रे घेऊन उतरली. स्कूलमधल्या बायकांच्या बॅचेस तीच घ्यायची. शुक्रवारी सासूला तिनंच नेलं होतं, सगळ्या बायकांना फोन करकरून, माफी मागून. पाठीत कळ होती, ती कोणाला सांगण्यात अर्थ नव्हता. या घरात प्रत्येकाचं काहीतरी दुखतच होतं.

"वहिनी, तू तरी बोल काही," ताई म्हणाली.

"काय बोलू? मी दमलेय ताई."

इतकं सरळ ती कधी बोलत नसे.

"ठरलं तर मग," थोरला म्हणाला. "बाबा गाडी चालवणार नाहीत."

"आणि आईला कोण नेणार?"

एकदम सगळ्यांना चहाची आठवण झाली. कप उचलले गेले.

"सकाळी माझ्या बॅचेस असतात," थोरला कपात बघत म्हणाला. "भाड्याची गाडी करता येईल. पण तिथे चार तास बसून राहायचं, येताना तिला मळमळतं, परका ड्रायव्हर... तू दर आठवड्याला येशील का?"

"मी? दुकान कोणाच्या गळ्यात घालू?"

"मग उंटावरून शेळ्या हाकू नकोस."

"मी हाकतेय? बरं, मग काय करायचं ते तू सांग."

थोरल्यानं कप खाली ठेवला. "तसा रस्ता सरळच आहे म्हणा. बाबा सावकाश गेले... आत आवारात न नेता बाहेरच्या बाहेर गाडी लावली... तर काही फार..."

सून नवऱ्याकडे बघतच राहिली. आत्ता सरकारकडून कायदा करून घ्यायला निघाला होता तो हाच ना?

"कमाल आहे बाई तुझी!" ताई उसळली. "पलीकडे माणसं बसली होती ना रे? उद्या कोणी मेलं म्हणजे?"

"तूच म्हणालीस ना, गाडी काढली की माणूस खचतो म्हणून?"

"म्हणून काय दुसऱ्याचा जीव घ्यायचा?"

दोघांनी बसल्या जागी बाजू बदलल्या आणि दोघांनाही त्याचं काही वाटलं नाही. मास्तर मात्र उठले. गुडघ्यांवर हात टेकून, सावकाश.

"पुरे झालं. माझं तुम्ही दोघं ठरवू नका. 'थांब' घ्या माझी."

या घरात गाडीची चावी मिळायची ती लायसन मिळालं म्हणून नाही. मास्तरांची 'थांब' पास झाल्यावर. शेजारी बसून ते हवापाण्याच्या गप्पा मारत राहायचे आणि मध्येच, काही कारण नसताना, म्हणायचे 'थांब'. का म्हणून विचारायचं नाही, इकडेतिकडे बघायचं नाही, पायानं ऐकायचं. म्हणून तो शब्द घरात दुसऱ्या कशाला वापरायची बंदी होती. इथली मुलं 'दम धर, आलो' म्हणतच मोठी झाली. सून नवी असताना एकदा जेवताना 'थांबा, पाणी आणते' म्हणाली तर पंगतीतले सगळे हात जागच्या जागी राहिले होते. ती चेष्टा अजून व्हायची. तिच्या परीक्षेत पहिल्यांदा तिनं 'कुठे?' असं विचारलं. दुसऱ्यांदा थांबली, पण स्टिअरिंग सोडून दिलं. तिसऱ्यांदा भीतीनं मास्तरांनी तोंड उघडायच्या आधीच ब्रेक मारला. मास्तर 'नापास' म्हणत नसत. 'सीट बदल' एवढंच म्हणत, आणि स्वतः चालवत घरी आणत.

"मी घेतो बाबा," थोरला म्हणाला.

"तू नको. तू पास करशील आणि मग रात्रभर जागशील. सूनबाई घेईल. तिला मी तीनदा उतरवलंय. उट्टं काढायचं तर काढू दे."

"उट्टं कसलं काढायचंय बाबा," सून म्हणाली, पण तिनं ड्रॉवरची किल्ली मागून घेतली.

स्कूलची गाडी घेतली. तिला शेजारच्या सीटपुढेही पॅडल होते. मास्तर स्टिअरिंगवर, सून शेजारी. ते निघाले ते अगदी पुस्तकातल्यासारखे. आरसा, सिग्नल, मागून येणाऱ्याला वाट. चौकात एका बाईला हातानं 'जा बाई' म्हणाले. त्या हातांकडे बघताना सुनेला बरं वाटायला लागलं. ती मनातल्या मनात म्हणत होती, पास व्हा हो बाबा. तुम्ही पास झालात तर उद्याची बॅच मोडायला नको. तिला तो विचार आला आणि स्वतःचीच चीड आली, पण विचार गेला नाही.

स्कूलच्या मैदानावर कोणी नव्हतं. मास्तर बोलायला लागले होते. "या इथेच ग, तो आपला दातांचा डॉक्टर, रिव्हर्स घेता घेता थेट नाल्यात..."

"थांबा."

गाडी ओरडली. इंजिनाचा नुसता आक्रोश झाला आणि समोरचं तारेचं कुंपण धावत आल्यासारखं आलं. सुनेचा पाय खाली गेला तो तिनं नेला नाही, गेला. दोन गचके देऊन गाडी बंद पडली.

"ब्रेक लागला नाही," मास्तर म्हणाले.

"लागला बाबा. माझा लागला."

"मीपण दाबला. हा बघ, अजून दाबलेला आहे."

"पाय कुठे आहे बघा."

त्यांनी वाकून पाहिलं. पाय होता तिथेच होता, पूर्ण दाबलेला, सगळ्यात उजवीकडच्या पॅडलवर. बराच वेळ ते तसेच वाकून राहिले. मग त्यांनी मान वळवून सुनेच्या पायांकडे पाहिलं. तिकडे दोनच पॅडल. डावीकडे क्लच, उजवीकडे ब्रेक. चाळीस वर्षं ते त्या सीटवर बसले होते. पोरं घाबरायची, बायका किंचाळायच्या, समोरून ट्रक यायचा, आणि दर वेळी हा उजवा पाय उजवीकडचं पॅडल दाबायचा आणि सगळे वाचायचे. या सीटवर त्या जागी ॲक्सिलरेटर होता.

"पाय अजून तिकडेच बसलाय," ते म्हणाले. मग जरा वेळानं, "म्हणजे बुधवारी काही अडकलं नव्हतं."

"नाही बाबा."

"पण आधी कधी असं झालं नाही ग. मी काय आज चालवतोय?" ते थकून मागे टेकले. "आधी डोकं लवकर पोचत असणार. पाय चुकायच्या आत त्याला पकडत असणार. आता पाय पुढे जातो." सुनेनं आपला पाय ब्रेकवरून काढला. "परत घे," ते म्हणाले.

तिनं परत घेतली. या वेळी गाडी लोण्यासारखी उभी राहिली.

"बघ!"

"या वेळी तुम्हाला माहीत होतं बाबा."

हे त्यांचंच वाक्य होतं. तयारीत बसलेला कोणीही थांबतो, असं ते शिकाऊंना सांगायचे. त्यांनी दोन्ही हात मांडीवर घेतले आणि पडक्या आवाजात म्हणाले, "सूनबाई, घरी सांगू नकोस. मी सांभाळून जाईन. हिला न्यायचं-आणायचं, तेवढंच एक काम उरलंय मला. ते गेलं तर मी सकाळी उठू कशाला, सांग? बाकी आहे काय मला?"

सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. नुसती मान हलवायची होती. त्यात सगळ्यांचंच भलं होतं. थोरल्याची झोप, ताईचं दुकान, तिची स्वतःची पाठ. या माणसानं तिला तीनदा रडवलं होतं आणि चौथ्यांदा पास झाल्यावर गल्लीभर सांगत सुटला होता की माझी सून माझ्या मुलापेक्षा चांगली चालवते. त्याला नाही म्हणायची तिला इच्छा नव्हती. तिला भिंतीपलीकडचा तो बाक दिसत होता. शुक्रवारी ती स्वतःच त्यावर बसली होती, चार तास.

"बाबा," ती म्हणाली, "सीट बदला."

मास्तरांनी काही वेळ दार उघडलं नाही. मग पट्टा काढला, गाडीला हात लावत लावत पुढून वळसा घातला आणि तिनं रिकाम्या केलेल्या जागी येऊन बसले. खाली न बघता त्यांचे दोन्ही पाय दोन पॅडलवर जाऊन पडले.

थोरला आणि ताई शटरपाशीच उभी होती. गाडी कोण चालवतंय ते त्यांना लांबूनच दिसलं.

"उद्या मी नेते," सून गाडीतून उतरता उतरता नवऱ्याला म्हणाली. "बुधवारी तुम्ही न्यायचं, बॅच पुढे ढकला. आणि शुक्रवारी ताई, तुम्ही. गुरुवारी रात्री यायचं, दुकान दुपारी उघडायचं. मला एकटीला हे झेपणार नाही. आत्ताच सांगून ठेवते, नंतर कुरबुर नको."

ताईनं तोंड उघडलं, मग वडिलांकडे पाहिलं आणि "बरं" म्हणाली. थोरल्यानं नुसती मान हलवली.

सोमवारी सकाळी मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून स्कूलच्या गाडीपाशी आधीच उभे होते.

"तुम्ही कशाला बाबा? चार तास ताटकळाल."

"शेजारी बसायला," ते म्हणाले आणि बसले.

माईला मागे बसवलं, पायांवर शाल घातली. गल्ली संपायच्या आत तिनं सवयीनं डोळे मिटले. गाडी चालली होती. कोणी बोलत नव्हतं. दोन वळणं गेली.

"अहो," मागून आवाज आला, "चालवतंय कोण?"

"सूनबाई."

अजून एक वळण गेलं. मग माई म्हणाली, "ही बाग कधी झाली?"

"कुठली?" मास्तरांनी बाहेर पाहिलं. "ही? अगं, दोन वर्षं होत आली. रोज इथूनच तर जातो आपण."

"असं होय? छान आहे की. झाडं माणसाच्या डोक्यावर गेली."

मास्तरांच्या बाजूला शिकवणाऱ्याचा वेगळा आरसा होता. तो त्यांनी जरासा वळवला. माई काचेला जवळजवळ नाक लावून बाहेर बघत होती, सगळं बघत होती, दुकानं, माणसं, पाट्या. मास्तर आरशातून नजर काढीनात. सुनेनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे बघायला लागली.

"गप्प का बसलात?" माई म्हणाली. "बोला की. रोज बोलता ना."

"तुला ऐकू येत होतं?"

"सगळं," माई म्हणाली, बाहेर बघतच.

मास्तरांनी घसा साफ केला. काहीतरी बोलायला म्हणून त्यांनी तोंड उघडलं, पण बाग मागे पडली, चौकही मागे पडला, तरी त्यांना बोलता आलं नाही.